फुकटच्या व्हिडिओची किंमत कोण मोजतो?

नववीतला एक हुशार मुलगा आठवडाभर शाळेत आला नाही. आम्ही निरोप धाडला, तेव्हा त्याची अम्मी एकटीच भेटायला आली. "सर, तो जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. त्याच्या अब्बांना अजून काहीच ठाऊक नाही," एवढे बोलून ती रडू लागली.

हळूहळू हकिकत कळली. अनोळखी मुलीच्या नावाने मोबाइलवर ओळख झाली. दोन दिवस गप्पा, मग व्हिडिओ कॉल. पलीकडच्याने तो कॉल चित्रित केला आणि धमकी दिली : पाच हजार पाठव, नाहीतर हे तुझ्या सगळ्या नातेवाइकांना पाठवतो. मुलाने कपाटातले पैसे घेऊन पाठवले. मागणी थांबली नाही, उलट वाढली.

अशा टोळ्या आणि अश्लील संकेतस्थळे चालवणारे लोक वेगळे असतील. पण दोघांचाही धंदा माणसाच्या अब्रूवरच चालतो. या संकेतस्थळांवर बरेच काही फुकट दिसते. फुकट कसे? जितके लोक पाहतील तितक्या जाहिराती, आणि जितक्या जाहिराती तितका पैसा. व्हिडिओतली व्यक्ती राजीखुशीने तिथे आली की फसवून आणली गेली, याची चौकशी करण्यात या धंद्याला रस नसतो.

याचा पुरावा 2020 सालीच जगासमोर आला. अमेरिकेत सॅन डिएगोच्या न्यायालयाने त्या जानेवारीत 22 तरुणींच्या बाजूने निकाल दिला. मॉडेलिंगच्या जाहिरातीला भुलून त्या गेल्या होत्या. चित्रण इंटरनेटवर कधीच येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात ते जगभर पसरवले गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पॉर्नहब या बलाढ्य संकेतस्थळावर अल्पवयीन मुलींचे आणि अत्याचाराचे व्हिडिओ असल्याचे उघड केले. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी तिथले व्यवहार बंद करताच काही दिवसांत लाखो व्हिडिओ काढून टाकण्यात आले. सुमारे 1 कोटी 30 लाखांवरून संख्या 30 लाखांच्या आसपास आली. पीडित मुली वर्षानुवर्षे विनवण्या करत होत्या, तेव्हा जे झाले नाही, ते पैशाचा नळ बंद होताच झाले.

आपल्या देशात 2018 साली न्यायालयाच्या आदेशानंतर सरकारने 827 संकेतस्थळे बंद केली. तरी नव्या नावांनी, आडवाटांनी हा माल घरात येतोच. म्हणून सगळा भार सरकारवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

पवित्र कुरआनच्या सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आदेश आधी पुरुषांना आहे, नंतर स्त्रियांना. आपल्या घरांत मात्र सगळी बंधने मुलींवर आणि मोबाइल मुलांच्या हाती! त्याच सूरहमध्ये समाजात निर्लज्जता पसरावी असे वाटणाऱ्यांना कडक इशारा आहे. ग्रुपवर आलेला कुणाचा तरी व्हिडिओ 'बघा, काय जमाना आला' म्हणत पुढे ढकलणाऱ्यांनी हा इशारा आठवावा. कायदाही आता कडक आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण मोबाइलमध्ये साठवून ठेवणे हादेखील पॉक्सो कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2024 रोजी स्पष्ट केले.

आणि मूल अडकलेच तर? पैसे देऊ नयेत. संदेश, नंबर, खात्याचे तपशील पुसू नयेत, तेच पुरावे असतात. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. लहान मुलांसाठी 1098 ही मदतवाहिनी आहे. 'टेक इट डाउन' या मोफत सेवेत, वय अठराच्या आत असताना काढलेले चित्र किंवा व्हिडिओ कुणालाही न पाठवता ते पसरण्यापासून रोखण्यासाठी मदत मिळते.

पण या सगळ्याआधी मुलाने घरात तोंड उघडले पाहिजे. त्या मुलाला धमकी देणाऱ्यापेक्षा अब्बांची भीती जास्त वाटत होती, आणि धमकी देणाऱ्याची सगळी ताकद त्या भीतीतच होती. हया हा ईमानचा भाग आहे, यात शंका नाही; पण संकटातल्या लेकराने गप्प बसावे, असा हयाचा अर्थ नाही.

आम्ही अब्बांना शाळेत बोलावले. आधी ते संतापले, मग बराच वेळ खाली मान घालून बसले. शेवटी एवढेच म्हणाले, "माझं पोर आठवडाभर उपाशी होतं आणि मला कळलं नाही." त्याच संध्याकाळी बापलेक मिळून पोलीस ठाण्यात गेले. सोमवारी मुलगा वर्गात होता.