सुरी दादाच्या हाती, निवड छकुलीची

केकच्या दोन तुकड्यांतला मोठा कोणता? एकावर चेरी आहे, दुसऱ्यावर क्रीमचं फूल. एक तुकडा रुंद आहे, पण त्याची कड जरा बसलेली. आता मोजणार काय? वजन, क्षेत्रफळ, की चेऱ्या? मोठ्यांना या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, सात वर्षांच्या मुलाला मात्र ते एका नजरेत मिळतं. आणि पाच वर्षांच्या बहिणीला मिळालेलं उत्तर नेमकं उलटं असतं! तरीही घरातलं हे भांडण एका वाक्यात मिटतं: कापणाऱ्याने शेवटी घ्यायचं.

या वाक्याच्या पोटात किती मोठं गणित आहे, हे समजलं की वाढदिवसाच्या टेबलाकडे बघण्याची नजरच बदलते. मंडीदीपमधल्या एखाद्या मराठी घराची कल्पना करू. भोपाळहून नर्मदापुरमकडे निघालं की साधारण पंचवीस किलोमीटरवर हे कारखान्यांचं गाव लागतं, जिल्हा रायसेन. इथे औषधं बनतात, पोलादाच्या भट्ट्यांना लागणारे ग्राफाइटचे इलेक्ट्रोड बनतात. देशाच्या वेगवेगळ्या भागांतून माणसं इथे नोकरीला आली. त्यामुळे मुलीच्या वाढदिवसाला जमलेल्या मुलांमध्ये एक अंडं न खाणारा, एकीला चॉकलेट नको, एकाला फक्त क्रीम हवं. आणि बाबांची सेकंड शिफ्ट, म्हणजे ते रात्री दहानंतर येणार. एवढ्या सगळ्यांत केक एकच.

आधी औक्षण. पाट, रांगोळी, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी आणि निरांजन. काही घरांत वयाइतके कणकेचे दिवे लावतात. आता ही गंमत पाहा: जर्मनीत १७४६ साली काउंट झिंझेनडॉर्फ यांच्या वाढदिवसाला भला मोठा केक केला होता, त्यात वयाइतक्या मेणबत्त्या खोचल्या होत्या आणि मधोमध आणखी एक. इतक्या दूरच्या दोन घरांना आयुष्याची वर्षं ज्योतींनी मोजावीशी वाटली! फरक एवढाच की तिकडची ज्योत फुंकून विझवतात आणि आपल्याकडे आजीला ते मुळीच खपत नाही. म्हणून पुष्कळ घरांत निरांजन तेवत राहतं आणि मेणबत्ती केकवरून काढून बाजूला लावली जाते.

आजीचं कारण शुभ-अशुभाचं. पण २०१७ साली अमेरिकेतल्या क्लेम्सन विद्यापीठात पॉल डॉसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी क्रीमच्या थरावरच्या मेणबत्त्या माणसांना फुंकायला लावल्या आणि मग जंतू मोजले. न फुंकलेल्या क्रीमपेक्षा फुंकलेल्या क्रीमवर ते सरासरी पंधरा पट निघाले. कोणाच्या फुंकरीने फारसा फरक पडला नाही, कोणाच्या फुंकरीने प्रचंड पडला. निरोगी माणसांनी घाबरावं असं यात काही नाही. पण सर्दी झालेल्या पाहुण्या मुलाला उत्सवमूर्तीबरोबर फुंकर मारायला पुढे करू नये, हे मात्र खरं.

आता सुरी. दोनच भावंडं आहेत असं धरू. दादा कापतो, छकुली आधी उचलते. दादा प्राण पणाला लावून सारखे भाग करतो, कारण कमी-जास्त झालं तर नुकसान त्याचंच. त्यामुळे कोणताही तुकडा उरला तरी त्याच्या लेखी तो अर्धा. छकुलीला तर निवडायलाच मिळालं, म्हणजे तिच्या लेखी अर्धा किंवा जास्त. ना वजनकाटा, ना पंच! थांबा, खरी कमाल पुढे आहे. दादाला चेरीचं काही वाटत नाही, छकुलीचा जीव चेरीत. दादाने आकाराने सारखे भाग केले आणि चेऱ्या एकाच बाजूला आल्या, तर तिच्या दृष्टीने तिला समजा पाऊण केक मिळाला. त्याला अर्धा, तिला पाऊण. बेरीज एकापेक्षा जास्त! आवडी वेगळ्या असल्या की वाटून केक वाढतो.

ही युक्ती फार जुनी आहे. ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात प्रोमिथिअस बैलाच्या मांसाचे दोन वाटे करतो आणि निवड झ्यूसची असते. आणि ती आजही चालते, तीही समुद्राच्या तळाशी. खोल समुद्रातल्या खनिजांसाठी केलेल्या १९८२च्या आंतरराष्ट्रीय करारात असं ठरलं की, अर्ज करणाऱ्याने सारख्या मोलाचे दोन भाग आखून द्यायचे आणि त्यांतला कोणता सगळ्या जगासाठी राखून ठेवायचा, हे दुसऱ्या बाजूने ठरवायचं. १९८७ साली भारताला मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरचा तळ मिळाला, त्यामागे हाच नियम होता. दादा-छकुलीचा नियम, हिंदी महासागराच्या तळाला!

पण तिसरं मूल आलं की हा नियम लंगडा पडतो. दादाने तीन भाग केले, शेजारच्या बंटीने आधी उचललं, छकुलीचा नंबर दुसरा. तिला जो तुकडा सगळ्यांत भारी वाटत होता, तोच बंटीने नेला. उरलेले दोन तिच्या लेखी किरकोळ. आता?

या प्रश्नावर दुसऱ्या महायुद्धात एक माणूस विचार करत होता. पोलंडचे गणिती ह्यूगो स्टाइनहाउस. ज्यू कुटुंबातले असल्याने नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये ते खोटं नाव घेऊन लपून राहिले होते. त्या काळात त्यांनी तिघांसाठी उत्तर शोधलं. कितीही माणसांसाठीचं उत्तर त्यांचे सहकारी स्टेफान बानाख आणि ब्रोनिस्लाव क्नास्टर यांनी काढलं, आणि ते १९४८ साली छापून आलं. पद्धत अशी: एकाने आपल्या हिश्श्याइतका तुकडा कापायचा आणि तो सगळ्यांपुढून फिरवायचा. ज्याला तो जास्त वाटेल त्याने थोडा छाटून मूळ केकला परत द्यायचा. शेवटी ज्याने छाटला, तुकडा त्याचा; कोणी छाटलाच नाही तर तो कापणाऱ्याचा. तो माणूस बाजूला, उरलेल्यांत पुन्हा तेच. हावरटपणाने जास्त छाटला तर तोच कमी तुकडा गळ्यात पडणार! मुलांना याचंच १९६१मधलं दुसरं रूप जास्त आवडेल. सुरी केकवरून हळूहळू सरकवायची, ज्याला वाटेल ‘इथवर माझा हिस्सा झाला’ त्याने ‘थांब!’ म्हणायचं, आणि तिथे कापून तुकडा त्याला द्यायचा. उशीर केला तर दुसरा ओरडतो. घाई केली तर कमी मिळतं.

झालं का समाधान? नाही. माझ्या मते गणितात इतका माणसासारखा प्रश्न दुसरा नसेल. प्रत्येकाला स्वतःच्या मते किमान एक तृतीयांश मिळाला, तरी बंटीचा तुकडा आपल्यापेक्षा भारी वाटू शकतो. म्हणजे हिस्सा पुरला, हेवा उरला. हेवाही उरू नये अशी वाटणी तिघांसाठी १९६०च्या सुमाराला जॉन सेल्फ्रिज आणि जॉन कॉन्वे यांनी स्वतंत्रपणे शोधली. तीत थोडं छाटायचं आणि छाटण वेगळं ठेवून नंतर वाटायचं. कितीही माणसांसाठी रीत मिळायला १९९५ उजाडलं; ती स्टीव्हन ब्रॅम्स आणि ॲलन टेलर यांची. पण तिच्यात किती वेळा कापावं लागेल, याला आधी सांगता येईल अशी मर्यादाच नव्हती. ती मर्यादा २०१६ साली हारिस अझीझ आणि सायमन मॅकेन्झी यांनी घालून दिली. ती ऐकून हसू येतं आणि डोळेही विस्फारतात: माणसं जितकी, तो आकडा सहा वेळा एकावर एक घातांक म्हणून चढवायचा. चार मुलं धरा. चारचा चौथा घात २५६. चारचा २५६वा घात म्हणजे १५५ अंकी संख्या. दिसणाऱ्या विश्वातल्या सगळ्या अणूंचा अंदाज साधारण ८१ अंकांत बसतो! आणि घातांकांचा मनोरा इथवर निम्माच चढून झालाय. प्रत्यक्षात एवढ्यांदा कापावं लागेल असं नाही. पण यापेक्षा जास्त लागणार नाही, एवढीच हमी गणित देतं.

आणि मंडीदीपच्या त्या घरात वीस मुलं आहेत, सुरी आईच्या हातात आहे, आणि पाच मिनिटांत प्रत्येकाच्या हाती कागदी बशी आहे. कसं जमतं? ती हेवा मोजत बसत नाही, क्रम ठरवते. उत्सवमूर्ती पहिला घास स्वतः खात नाही. आधी आजीला, मग आईला भरवते. नाव लिहिलेला तुकडा तिचा, त्यावर कोणाचा दावा नाही. मग बशांचा क्रम: सगळ्यांत लहान मूल, मग बाकीची पाहुणी मुलं, घरची नंतर, कापणारी शेवटी. एक मूल अंडं खात नाही म्हणून अख्खा केकच बिनअंड्याचा आणलेला. वेगळी बशी देऊन त्याला बाजूला बसवायचं नाही. यात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती शेवटची जागा. जिच्या हाती सुरी, तिला स्वतःसाठी निवडताच येत नाही. म्हणून मुलं तिच्या कापण्यावर विश्वास ठेवतात.

राहिला बाबांचा वाटा. जो हजर नाही त्याचा हिस्सा आधी काढून ठेवायचा, ही रीत मोडणारं घर विरळाच. पण कापलेला तुकडा सुकतो. कापलेली बाजू उघडी पडली की ओल उडून जाते. यावरही एका मोठ्या शास्त्रज्ञाने डोकं चालवलं आहे! बोटांच्या ठशांचा शास्त्रीय अभ्यास करणारे फ्रान्सिस गॉल्टन यांनी डिसेंबर १९०६मध्ये ‘नेचर’ या शोधपत्रिकेला चक्क केक कापण्यावर पत्र लिहिलं. त्रिकोणी फोड काढणं ही त्यांच्या मते फार सदोष पद्धत, कारण उरलेल्या केकच्या दोन्ही बाजू उघड्या राहतात. त्याऐवजी मधोमध दोन समांतर छेद देऊन पट्टी काढायची आणि उरलेली दोन अर्धुकं पुस्तक मिटावं तशी एकमेकांना भिडवायची. कापलेली बाजू कुठेच उघडी नाही. दुसऱ्या दिवशी आडवी पट्टी काढायची आणि चार तुकडे पुन्हा जुळवायचे. अर्धुकं सरकू नयेत म्हणून गॉल्टन त्यांच्याभोवती रबर लावायचे.

आपल्या क्रीमच्या केकला रबराची गरज नाही. क्रीमच अर्धुकं धरून ठेवतं. मात्र पहिल्या पट्टीची दिशा आधी ठरवून घ्यावी. सहसा नाव केकच्या मधोमध आडवं लिहिलेलं असतं, म्हणून छेद त्याच्या वर आणि खाली द्यावेत. नाव अख्खं पट्टीत येतं, मुलीला तिचा तुकडा मिळतो, पट्टीचा उरलेला भाग पाहुण्यांना जातो. भिडवलेला केक डब्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवायचा, म्हणजे शिफ्टवरून आलेल्या माणसाला संध्याकाळइतकाच मऊ तुकडा मिळतो.