डोळस अवज्ञा

मागच्या व्याख्यानात आपण आज्ञापालन आणि विवेक यांचा संबंध पाहिला. आज तोच प्रश्न जरा वेगळ्या ठिकाणी पाहू या : अंध व्यक्तीला वाट चालायला मदत करणाऱ्या कुत्र्याच्या शिक्षणात.

आधी थोडा इतिहास. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबुर्ग इथे अशी कुत्री तयार करणारी शाळा निघाली. जर्मनीतलं हे काम पाहून डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाईंनी १९२७ साली एक लेख लिहिला. त्या तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये कुत्र्यांना शिकवत असत. लेखाची माहिती मिळताच मॉरिस फ्रँक या अंध अमेरिकन तरुणाने त्यांना पत्र पाठवलं. १९२८ मध्ये तो तिकडे गेला आणि ‘बडी’ नावाची कुत्री घेऊन परतला. १९२९ साली ‘द सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली.

आता पिल्लाकडे वळू. साधारण सात-आठ आठवड्यांचं झालं की ते एखाद्या स्वयंसेवी कुटुंबाकडे जातं आणि वर्ष-सव्वा वर्षाचं होईपर्यंत तिथे वाढतं. हे कुटुंब त्याला वाट दाखवायला शिकवत नाही, बरं का! घरात घाण करू नये, अंगावर उड्या मारू नयेत, ताटाशी घुटमळू नये, एवढंच. शिवाय बस, बाजार, जिना, गर्दी, गडगडाट या सगळ्याची सवय. हे इतक्या लवकर का? स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी दाखवून दिलं, की पिल्लाचा साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ जगाशी ओळख होण्याचा असतो. तो निसटला, तर पुढे नव्या गोष्टीची भीती बसते.

पण नुसती माया पुरत नाही. २०१७ साली ‘सीइंग आय’मधल्या पिल्लांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या कुत्र्या आडव्या न होता उभ्याने पाजत, त्यांची पिल्लं पुढे यशस्वी होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. उभ्या आईचं दूध मिळवायला पिल्लाला धडपडावं लागतं. अर्थात हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झाला असं नव्हे.

मग संस्थेत काही महिने खरं शिक्षण होतं. कुत्रा मालकाला नेतो, असं आपण समजतो. ते अर्धंच खरं. कुठे जायचं, कुठे वळायचं हे माणसाला ठाऊक असतं. सिग्नलचे रंग कुत्रा वाचत नाही. रहदारीचा आवाज ऐकून ‘पुढे चल’ असं माणूसच सांगतो. कुत्रा पायरीशी थांबतो, खड्डा टाळतो, आपल्या डोक्यावरून सहज जाईल पण माणसाच्या कपाळाला लागेल अशी फांदीही टाळतो. आणि माणसाने ‘पुढे चल’ म्हटलं, पण समोरून गाडी येत असली, तर तो हलत नाही. हीच डोळस अवज्ञा. शिक्षक मुद्दाम गाड्या आणवून तिचा सराव करून घेतात.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आज्ञा पाळणं अंगी मुरल्यावरच ती मोडण्याला अर्थ येतो. नाहीतर तो नुसता हट्ट. उलट, कुत्रा निव्वळ सांगकाम्या राहिला, तर तो मालकाला गाडीखाली नेईल. म्हणून माणसालाही शिकावं लागतं. नव्या जोडीचं प्रशिक्षण एकत्र होतं आणि कुत्रा अडला की ओढायचं नाही, हा माणसाचा धडा असतो. हुकूम देणाऱ्याने नकार मान्य करणं, हे सोपं नाही. आपल्या घरांत आणि कचेऱ्यांत किती जणांना जमतं, बघा.

राहिला आक्षेप : आपण एका जिवाला साधन करत नाही का? प्रश्न रास्त आहे. कांटने आपल्या नीतिशास्त्राच्या व्याख्यानांत म्हटलं आहे, की इमानाने सेवा केलेल्या कुत्र्याला तो थकल्यावर धन्याने मरेपर्यंत सांभाळावं. पण त्याच्या मते हे कर्तव्य कुत्र्याप्रती नसून आपल्यातल्या माणुसकीप्रती आहे. आपल्याला इथेच थांबायची गरज नाही. पांढरी काठी कधी ‘नाही’ म्हणत नाही, कुत्रा म्हणतो. ज्या कुत्र्याला हे काम झेपत नाही किंवा रुचत नाही, त्याला शिक्षक त्यातून मोकळं करतात आणि त्याला दुसरं घर किंवा दुसरं काम मिळतं. म्हणजे रस्त्यावरचाच नव्हे, कामाबद्दलचा नकारही ऐकला जातो. ज्याचा नकार आपण ऐकतो, त्याला निव्वळ साधन म्हणता येईल का? पुढच्या व्याख्यानाची सुरुवात या प्रश्नापासून करू.