मुलीला दगडांचं शिकायचंय

मागच्या महिन्यात बदलापूरच्या पलीकडच्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्त्यांचा हिशेब झाला, चहा आला, आणि एक ताई हळूच म्हणाल्या, "बाई, मुलगी सायन्सला आहे. नर्सिंगचं बघू म्हटलं तर म्हणते भूशास्त्र शिकणार. समुद्राखाली जमीन जमिनीत कशी घुसते ते शोधणार म्हणते. याला पगार मिळतो का हो?" बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही. प्रश्न अगदी सरळ आहे.

आधी ती पोर काय म्हणते ते समजून घेऊ. पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही, मोठमोठ्या तुकड्यांचं आहे. त्या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. ते वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात, आपली नखं वाढतात ना, साधारण तेवढ्याच वेगानं. दोन भूपट्ट समोरासमोर आले की जड असलेला, म्हणजे बहुतेक समुद्रतळाचा, दुसऱ्याच्या खाली वाकून खोल जातो. त्या जागेला सबडक्शन झोन म्हणतात.

पण तो सुरळीत जात नाही. पावसाळ्यात फुगलेलं दार आठवा. ढकला, ढकला, हलत नाही, आणि मग एकदम धाडकन उघडतं. भूपट्टांच्या कडा तशाच शेकडो वर्षं अडकून राहतात आणि काही मिनिटांत सुटतात. समुद्राचा तळ वर उचलला जातो, त्याबरोबर वरचं पाणीही. तीच त्सुनामी. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ सुमारे १३०० किलोमीटर लांबीची कड अशी सुटली. अनेक देशांत मिळून दोन लाखांहून जास्त माणसं गेली. त्यात आपल्या तामिळनाडूची आणि अंदमान-निकोबारची किती तरी होती.

तुम्ही म्हणाल, ते लांब झालं. बरं, जवळचं सांगते. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरान किनाऱ्याजवळ, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, ८ च्या पुढच्या तीव्रतेचा भूकंप झाला. तिथे अरबी भूपट्ट युरेशियाच्या खाली जातो. ते पाणी अरबी समुद्र ओलांडून आपल्या मुंबईपर्यंत आलं. लाटा सुमारे दोन मीटरच्या होत्या, आणि मुंबईत पंधराएक माणसं वाहून गेल्याची नोंद आहे. असं का झालं ते तेव्हा कुणालाच नीट सांगता आलं नसतं, कारण भूपट्टांचा सिद्धांत पक्का झाला तो १९६० नंतर. आज मकरानची कड किती अडकली आहे, पुन्हा सुटली तर पाणी कुठवर येईल, यावर संशोधक काम करतात. भूकंप कुठल्या दिवशी होईल हे कुणी सांगू शकत नाही. पण तो झाल्यावर काही मिनिटांत किनाऱ्याला इशारा देता येतो. त्यासाठी हैदराबादला २००७ पासून त्सुनामी केंद्र आहे.

या विषयातली एक गोष्ट मला फार आवडते. खाली जाणारा समुद्रतळ ओला असतो. खोल गेल्यावर त्यातलं पाणी सुटतं आणि वरच्या तापलेल्या खडकात शिरतं. नुसता गूळ कढईत टाकला तर खालून करपतो, पाण्याचा हबका मारला की पटकन विरघळतो. अगदी तसंच नाही, पण पाणी शिरलं की खडकही कमी उष्णतेत वितळतो. मग ज्वालामुखी होतात. अंदमानचं बॅरन बेट असंच झालंय.

आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिराचा काळा दगड मात्र यातला नाही हं. मंदिर १०६० सालचं, पण दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो लाव्हा भेगांतून वर आला आणि पसरला. मलंगगडही त्याचाच. १९६७ चा कोयनेचा भूकंपसुद्धा भूपट्टाच्या कडेवरचा नाही, आतला आहे.

मग ही मुलगी काम कुठे करणार? काही जण भूकंपमापकांच्या नोंदी संगणकावर वाचतात. काही जण जीपीएसने जमीन किती सरकली ते मोजतात. काही जण लडाखला जातात. हिमालय उभा राहण्याआधी तिथे समुद्र होता, तो आशियाच्या खाली गेला. त्सो मोरीरी तलावाजवळ असे खडक सापडतात जे सुमारे १०० किलोमीटर खोल जाऊन परत वर आले. हातोडी, वही, बूट आणि चालणं. अंगमेहनत आहे, पण शेतात राबलेल्या पोरीला त्याचं काय!

बाईमाणसाला जमेल का, असंही एकीने विचारलं. अमेरिकेत मेरी थार्प नावाच्या बाईंनी १९५० च्या दशकात समुद्रतळाचे नकाशे काढले. अटलांटिकच्या मधोमध लांबच लांब दरी त्यांच्या लक्षात आली. सहकाऱ्याने आधी बायकी गप्पा म्हणून उडवून लावलं. बाईंना बरीच वर्षं जहाजावरही घेत नव्हते. दरी खरी निघाली. आणि आपल्या नागपूरच्या अदिती पंत १९८३ मध्ये अंटार्क्टिकाला गेल्या. त्यांच्याबरोबर भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. तिथे पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ.

आता पैशाचं. बारावीनंतर तीन वर्षं बीएस्सी, दोन वर्षं एमएस्सी, पुढे पाचेक वर्षं पीएचडी. म्हणजे दहा वर्षं. हे लपवून उपयोग नाही. भूशास्त्राची पदवी मुंबईत झेवियर्समध्ये, पुण्यात फर्ग्युसनमध्ये मिळते. पवईच्या आयआयटीत एमएस्सीसाठी जॅम नावाची परीक्षा असते, साधारण फेब्रुवारीत, अर्ज आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. पुढे नेट परीक्षेतून फेलोशिप मिळाली तर २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००. शिकताना मिळतात हं हे. पण प्राध्यापकाच्या जागा थोड्या, वाट बघावी लागते.

म्हणून त्या ताईंना मी दुसरी वाटही सांगितली. एमएस्सीनंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची परीक्षा देता येते. राज्याचा भूजल विभाग आहे. विहिरीला पाणी कुठे लागेल ते बघायला येतात ना, ते याच शिक्षणाचे लोक. नवी मुंबईत, पनवेलला भूचुंबकत्व संस्था आहे, तीही फार लांब नाही.

ताईंनी सगळं ऐकून एकच विचारलं, "लोकलचा पास किती पडेल?" मुलीला पुढच्या बैठकीला घेऊन या म्हटलंय. तुमच्याकडेही अशी कुणी असेल तर प्रश्न लिहून गटाच्या वहीतून पाठवा, पुढच्या वेळी घेते.