शिडाचे माप आणि मापाचे शब्द

बोईसरनजीकच्या बेटेगावास स्वतःचा समुद्र नाही. परंतु नवापूर, आलेवाडी, मुरबे, सातपाटी या किनारी गावांशी त्याचा नित्याचा संबंध आहे. या गावी राहणाऱ्या एका स्नेह्यांची शिडाची लहान नौका आहे. तिचे मुख्य शीड फाटल्यामुळे नवे शिवून घ्यावयाचे ठरले. जुने शीड अंगणात पसरून एका वृद्ध तांडेलांनी त्याच्या तिन्ही कडा मोजल्या आणि मागणीचे पत्र प्रस्तुत लेखकाने लिहिले. नवे शीड आले ते नौकेवर चढेना. काठीलगत जवळजवळ दोन फूट कापड जादा आणि खालच्या आडव्या वाशाचे, म्हणजे बूमचे, मागचे टोक वर उचललेले. मोजण्यात चूक नव्हती, शिवण्यातही नव्हती. ती पत्रातील एका शब्दात होती. या चुकीची मीमांसा करणे आणि तिच्या अनुषंगाने नवे शीड नौकेस कसे बसते हे सांगणे, असा या टिपणाचा दुहेरी हेतू आहे.

प्रथम आकार पाहू. अशा नौकेचे मुख्य शीड त्रिकोणी असते. त्याची पुढची कडा डोलकाठीस जोडलेली, तळाची कडा बूमला जोडलेली आणि मागची कडा मोकळी असते. आमच्या जुन्या शिडाची काठीकडची कडा १६ फूट व तळकडा ८ फूट होती. या दोन कडा काटकोनात धरल्यास मोकळी कडा सुमारे १७ फूट ११ इंच भरते. म्हणजे या जातीच्या शिडात सर्वांत लांब कडा ती मोकळी कडा होय.

तांडेलांचा अनुभव मात्र निराळ्या शिडाचा. पश्चिम किनाऱ्यावरील पारंपरिक मचव्याची डोलकाठी पुढे कललेली असते आणि तिच्यावर एक लांब तिरपा वासा टांगलेला असतो. या वाशास परबाण म्हणतात. शिडाची पुढची कडा या परबाणास बांधली जाते आणि सामान्यतः तीच सर्वांत लांब असते. तळाशी बूम नसतोच. त्यामुळे त्यांनी सर्वांत लांब कडेस हात लावून ‘ही वाशाची बाजू’ असे सांगितले, ते त्यांच्या शास्त्राप्रमाणे यथार्थच होते. लेखकाने ‘वासा’ हा शब्द ‘डोलकाठी’ या अर्थी घेतला आणि १७ फूट ११ इंच हे माप काठीच्या कडेपुढे मांडले. परिणामी काटकोन पुढच्या कोपऱ्यात न येता मागच्या कोपऱ्यात आला. त्रिकोण तोच, कापड तेवढेच. परंतु काठीस जोडावयाचा दोर भलत्याच कडेस शिवला गेला.

मग शीड उलटे फिरवून दोर दुसऱ्या कडेस शिवला म्हणजे झाले, असे वाटण्याचा संभव आहे. तसे होत नाही, कारण शिडाच्या कडा दिसतात तशा सरळ नसतात. काठीकडची कडा बाहेरच्या बाजूस किंचित फुगीर कापतात. ही फुगीर कडा सरळ काठीस जोडली की जादा कापड मागे सरकून शिडास पोट येते. काठी वाऱ्याच्या ताणाने वाकली, तर तेच जादा कापड त्या बाकात खर्ची पडून शीड सपाट होते. म्हणून फुगवटा किती ठेवावा हे काठीच्या लवचिकपणावर अवलंबून असते. काठी फुगवट्याहून अधिक वाकली तर मागच्या खालच्या कोपऱ्यापासून काठीच्या मध्याकडे तिरप्या सुरकुत्या पडतात.

दुसरी गोष्ट अशी की, जुन्या शिडावरून माप घेणे हेच मुळात धोक्याचे. वापराने कापड ताणते, तर कडेस शिवलेला दोर पुष्कळदा आखडतो. म्हणून मोजावयाचे ते शीड नव्हे, नौका. शीड चढविण्याच्या दोरास टेपचे टोक बांधून ते काठीवर जाईल तितके वर न्यावे आणि तेथून बूमच्या वरच्या पृष्ठापर्यंतचे अंतर घ्यावे. त्याचप्रमाणे काठीच्या मागील पृष्ठापासून बूमच्या टोकाकडील शेवटच्या उपयुक्त खुणेपर्यंतचे अंतर घ्यावे. कापड पुढेही थोडे ताणावयाचे असल्यामुळे शिडाची कडा या कमाल मापाहून किंचित आखूड हवी.

पुढच्या खालच्या कोपऱ्याची खीळ बहुधा काठीच्या रेषेत नसते. ती काही अंगुळे मागे असते. तितका कोपरा आत कापला नाही, तर त्या जागी सुरकुत्यांचा पंखा उमटतो. काठीच्या खाचेत सरकणारा दोर किंवा सरकत्या खुंट्या यांची जाडी खाचेस जुळली पाहिजे. वारा वाढल्यावर शीड आखूड करण्यासाठी जी छिद्रे ठेवतात, त्यांची जागा बूमवरील ओढदोरांच्या कप्प्यांस अनुसरून ठरते. नौका वळताना बूम माणसाच्या डोक्यावरून सुखरूप जावा, हेही पाहावे लागते.

चाचणी मंद वाऱ्यात करावी. काठीपासून आडव्या सुरकुत्या निघाल्या तर चढविण्याचा दोर सैल आहे. काठीलगत उभी घडी पडली तर तो अति ताणलेला आहे. दोर सैल-घट्ट करूनही न जाणाऱ्या सुरकुत्या मात्र कापण्यातील दोषाच्या निदर्शक समजाव्यात.

आता शब्दांकडे वळू. नाविक परिभाषा ही मिश्र परंपरा आहे. टॉमस रोबक यांचा खलाशी भाषेचा कोश कलकत्त्यास १८११ मध्ये निघाला. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये त्याच्या आधारे त्रिकट, गावी, मुरा यांसारखे पोर्तुगीज मूळ असलेले शब्द नोंदलेले आहेत. शब्द परका असो वा देशी, तो विशिष्ट बांधणीच्या नौकेशी जखडलेला असतो. बांधणी बदलली की शब्द तोच राहून त्याचा निर्देश सरकतो. १९५० नंतरच्या दशकांत मचव्यांवर यंत्रे आली आणि शिडाचे महत्त्व ओसरले. त्यामुळे हा सरकलेला निर्देश जागच्या जागी दुरुस्त करणारा दैनंदिन व्यवहारही उरला नाही.

‘उंची’ आणि ‘लांबी’ हे शब्दही येथे निरुपयोगी ठरतात. अंगणात पसरलेल्या शिडास लांबी असते, चढविलेल्यास उंची. कडेचे नाव तिच्या मापावरून न ठेवता ती कशास बांधली जाते यावरून ठेवावे, हाच निर्दोष मार्ग होय. काठीकडा, तळकडा, मोकळी कडा ही नावे या दृष्टीने पुरेशी आहेत. बोलीतील शब्द संग्रहित करणाऱ्या विद्यार्थ्यांनीही ‘वासा म्हणजे काठी’ असे टाचण करून थांबू नये. कोणत्या नौकेवरील कोणता वासा, याची आकृती शेजारी काढावी.

आमचे शीड पुन्हा उसवून, कडा नव्याने कापून, कोपऱ्यांची जाड ठिगळे बदलून बसविले गेले. त्यात ते मुळाहून थोडे लहान झाले आणि तोवर पावसाळा लागल्यामुळे नौकेचा एक हंगाम गेला. दुरुस्तीचा निम्मा खर्च लेखकाने दिला. पत्र त्याने लिहिले होते, आणि ‘कोणता वासा?’ एवढा प्रश्न तांडेलांना विचारणे हे त्याच्याच विद्येचे काम होते.