तारीख चुकली त्याची गोष्ट

आमच्या आईचा सगळा हिशेब कालनिर्णयावर असे. दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर, धुणंवालीची रजा, सगळं तिथेच. अशा घरात वाढलेल्या आणि पुढे तीस-बत्तीस वर्षं बँकेत नोकरी केलेल्या माणसाच्या हातून तारीख चुकू नये. पण चुकली, आणि धाकट्या भावाशी अडीच वर्षं धड बोलणं झालं नाही.

१९९९ साल. अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला, त्याला अजून वर्षही झालेलं नव्हतं. मार्चमध्ये आई गेली. भाऊ न्यू जर्सीत. नवी नोकरी, कागदपत्रांचा घोळ, त्याला येता आलं नाही. पुढे मे महिन्यात त्याचा फोन आला. "दादा, आईवर लिहिलंय. न्यूजग्रुपवर टाकलंय. वाच."

न्यूजग्रुप म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावं लागेल. १९७९-८० मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात ड्यूक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी, शेजारच्या विद्यापीठातल्या एका मित्राच्या साथीनं, युजनेट नावाची सोय उभी केली. विषयवार गट असत. एकानं लिहिलेलं पत्र एका संगणकावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, असं जगभर पोचे. परदेशी गेलेल्या मराठी मंडळींचा 'सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी' हा गट होता. तिथे रोमन लिपीतल्या मराठीत वरणफळांपासून राजकारणापर्यंत सगळ्यावर वाद चालत.

वाशिमात भाच्याचा कॉम्प्युटर क्लास होता, पाटणी चौकाजवळ. रात्री उशिरा, एसटीडीचे दर उतरले की मोडेम लावायचा. पत्रं वाचायला न्यूजरीडर नावाचा प्रोग्राम होता. हा मराठी गट आमच्या सेवा देणाऱ्यांकडे नव्हता. आम्ही विनंती केली, आठवड्यात 'गट सुरू केला आहे' असं उत्तर आलं. आता प्रोग्रामनं 'नवे गट' म्हणून तो दाखवायचा आणि आम्ही त्यावर खूण करायची, एवढंच उरलं होतं. नाव टाइप करून गट जोडायची सोय त्या प्रोग्रामात नव्हती. यादीत येईल तेवढंच आपलं.

यादी रोज रिकामी. जून गेला, जुलै गेला. भावाला म्हटलं, ईमेलनं पाठव. तो म्हणाला, "इथल्या अनोळखी माणसांनी वाचून मला पत्रं लिहिली. तुला तेवढं उघडून बघवत नाही?" मी चिडलो. दहनाला नव्हतास, हेही बोललो. ते बोलायला नको होतं.

ऑगस्टमध्ये भाच्यानं प्रोग्रामच्या फायली एकेक उघडून पाहिल्या. न्यूजरीडर आणि सर्व्हर यांच्यातल्या बोलण्याचे नियम १९८६ साली ठरले होते. त्यात 'न्यूग्रुप्स' अशी एक आज्ञा आहे. प्रोग्राम विचारतो, अमुक तारखेनंतर कोणते गट सुरू झाले? सर्व्हर तेवढीच नावं देतो. ती तारीख प्रोग्राम स्वतःजवळ लिहून ठेवतो. आमच्या फायलीत सहा आकडे होते : ०००१०३. आम्हाला आधी वाटलं, शून्यं म्हणजे जागा कोरी आहे. मग भाचा म्हणाला, "मामा, ही ३ जानेवारी २००० आहे."

माझ्या पोटात गोळा आला. एप्रिलमध्ये बँकेच्या वाय-टू-केच्या प्रशिक्षणाहून मी परतलो होतो. क्लासमधल्या पोरांसमोर फुशारकी मारत मीच त्या संगणकाची तारीख पुढे करून दाखवली होती, '२००० साल उजाडलं तरी काही होत नाही, बघा!' नेमका त्याच वेळी कोणीतरी न्यूजरीडर उघडला. दोन-चार नवे गट आले आणि प्रोग्रामनं पुढची तारीख टिपून ठेवली. घड्याळ मी लगेच पूर्ववत केलं. पण हा प्रोग्राम यादीत काही आलं तरच टिपलेली तारीख बदलत असे. जानेवारी २००० नंतरचे गट ऑगस्ट १९९९ मध्ये कुठून येणार? यादी रिकामी, म्हणून तारीख तीच, म्हणून यादी पुन्हा रिकामी.

बँकेत इन्स्पेक्शनला आलेला अधिकारी मागच्या तपासणीची तारीख बघतो आणि तिथून पुढची व्हाउचरं मागवतो. आधीच्यानं पुढल्या वर्षाची तारीख टाकली असेल, तर मधली व्हाउचरं कोणी उघडतच नाही आणि रिपोर्टात येतं, 'काही आढळले नाही.' रिकाम्या यादीत चूक दिसत नाही, ही खरी अडचण. सर्व्हरनं कुरकुर केली असती तर आम्ही पहिल्याच आठवड्यात शोधलं असतं. (२००६ साली हे नियम नव्यानं लिहिले गेले. त्यांत सर्व्हरलाच त्याची तारीख विचारून घेण्याची सोय आहे. आमच्या कामाला ती उशिरा आली.)

भाच्यानं आकडे बदलून मार्च १९९९ केले. फोन लावला. यादी आली, त्यात मराठी गटही होता. उघडला तर सगळी पत्रं अलीकडची. जागा वाचवायला सर्व्हर जुनी पत्रं काढून टाकत असत. मे महिन्यातलं काही नव्हतं. भावाला चूक कळवली. तो "बरं" म्हणाला. त्याचा विश्वास बसला नसावा. आकड्यांची ही गोष्ट फोनवर ऐकताना बनवाबनवीच वाटते.

डिसेंबर २००१ मध्ये गूगलनं युजनेटची वीस वर्षांची जुनी पत्रं शोधण्यासाठी खुली केली. त्यातली बरीच डेजा न्यूज या कंपनीनं १९९५ पासून जपलेली. भावाचं नाव टाकलं. मिळालं.

चार परिच्छेद होते. रविवारी त्याचा फोन आला की आई कालनिर्णयावर त्या तारखेभोवती पेन्सिलीनं गोल करायची, हे त्याला मीच कधीतरी सांगितलं होतं. फेब्रुवारीतल्या दोन रविवारी त्यानं कामाच्या गडबडीत फोन केला नव्हता. त्या दोन चौकोनांत आईनं काय लिहिलं असेल, असं त्यानं विचारलं होतं. विचारलं होतं म्हणजे मला विचारलं होतं. शेवटची ओळच तशी होती : दादा, बघून सांग.

१९९९ चं कालनिर्णय माळ्यावर होतं. आईच्या हातचं काहीच मी टाकलेलं नव्हतं. फेब्रुवारीचं पान काढलं. एका रविवारी 'दूध नाही' असं होतं. दुसरा कोरा.

न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे सात वाजले असतील. मी फोन लावला आणि त्याला तेवढंच वाचून दाखवलं.