काचेच्या नळीतली वीस मिनिटं

सर्पदंशाच्या निदानातली एक मोलाची चाचणी इतकी साधी आहे की चटकन विश्वास बसत नाही. रुग्णाचं दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, नळी वीस मिनिटं न हलवता ठेवायची आणि मग तिरपी करून पाहायची. रक्त गोठलं नाही, पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरसं चावल्याचा दाट संशय घ्यायचा. कारण त्यांच्या विषाने रक्त गोठवणारी द्रव्यंच संपवलेली असतात. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल, तर मात्र निरोगी माणसाचं रक्तही न गोठता फसवतं. या तपासणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. हे ठाऊक असलेला माणूस तेवढा लागतो, आणि तो नेमका कुठे आहे यावर रुग्णाचं भवितव्य ठरतं.

जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न रोजचा आहे. पूर्वेला नारायणगाव-मंचरकडे ऊस, टोमॅटो, द्राक्षं आणि रात्रीच्या विजेवर पाणी धरायला जाणारे शेतकरी. पश्चिमेला नाणेघाट, भीमाशंकर, आहुपे. भातखाचरं, पाऊस आणि जमिनीवर अंथरूण. इथल्या सापांतली मण्यार फार फसवी. झोपेत चावते, दुखत नाही, दाताची खूणही धड दिसत नाही. पहाटे पोट दुखू लागतं, पापण्या जड होतात, मग श्वासाचे स्नायू थकतात. माणूस शुद्धीवर असतो, पण त्याला बोलता येत नाही. वेळेत कृत्रिम श्वास मिळाला, तर असा माणूस पूर्ण बरा होऊन घरी जाऊ शकतो.

प्रतिविषाचंही एक नवल आहे: चार वर्षांच्या मुलाला आणि धिप्पाड शेतकऱ्याला त्याची मात्रा सारखीच द्यायची. साप वय पाहून विष सोडत नाही, आणि औषध शरीराच्या नव्हे, विषाच्या मापाने ठरतं. पण ते घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्यामुळे काहींना तीव्र रिॲक्शन येते. अॅड्रेनॅलिन भरून हाताशी ठेवलं, तर ती आवरता येते. हे कुणी करून दाखवलेलं नसलं, की आरोग्य केंद्रातला नवखा डॉक्टर भितो आणि पहिला डोस न देताच ‘पुढे न्या’ म्हणतो. पुढचा प्रवास विषाच्या सोबतीने होतो.

नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी नेमकी ही भीती हेरली. सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ नये, हे ध्येय ठेवून त्यांनी स्वतःच्या रुग्णालयातल्या उपचारांबरोबरच सरकारी केंद्रांतल्या डॉक्टरांचं प्रशिक्षण आणि गावोगावचं प्रबोधन हाती घेतलं. ज्ञान खेड्यापर्यंत पोचवण्याचा हा प्रश्न विंचूदंशातही होता. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपाय शोधला, तो 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तरीही खरी कसोटी तो खेड्यातल्या डॉक्टरांच्या हातात पडण्याचीच होती.

नारायणगावजवळच्या खोडदला रेडिओ दुर्बीण आहे: 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. प्रत्येकीला दिसतं ते तुटपुंजं. सगळ्यांचे संकेत वेळेत जुळवले, की त्यांचीच एक अजस्र दुर्बीण होते. एकमेकांकडून शिकणाऱ्या डॉक्टरांच्या जाळ्यातही तेच घडतं. एका केंद्रात वर्षाला मोजकेच दंश येतात. सगळ्यांचे अनुभव एकत्र आले, की कुणा एकालाही न दिसणारं चित्र उमटतं. उदाहरणार्थ, आपल्याकडच्या प्रतिविषासाठी लागणारं विष बराच काळ मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा सहकारी संस्थेकडून आलं आहे, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. इथे किती डोस पुरले, किती कमी पडले, ही नोंद खेड्यातूनच प्रयोगशाळेकडे जायला हवी.

असं जाळं वाढतंय का, हे कसं मोजायचं? किती शिबिरं झाली, हे मोजणं सोपं, पण त्यातून फारसं कळत नाही. दंशापासून पहिल्या डोसपर्यंत किती वेळ गेला? तो डोस कुठे मिळाला, वाडीजवळच्या केंद्रात की तालुक्याला? रुग्ण पुढे पाठवताना आधी फोन झाला का? रुग्णांचा आकडा वाढला, तरी घाबरू नये. आधी मांत्रिकाकडे जाणारे आता दवाखान्यात येत असतील.

असं जाळं फळतं, याचं एक उदाहरण आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 पासून खेड्यांतल्या डॉक्टरांना व्हिडिओवरून हिपॅटायटिस-सीचे उपचार शिकवले. 2011 मध्ये निकाल आला: विद्यापीठाच्या रुग्णालयात 57.5 टक्के रुग्ण बरे झाले, गावांत आणि तुरुंगांत 58.2 टक्के. कौशल्य वाटल्याने पातळ झालं नाही.

भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं राष्ट्रीय उद्दिष्ट 2024 मध्ये ठरलं. त्यासाठी प्रतिविषाच्या कुप्या हव्यातच, पण दूरच्या केंद्रातून येणारे प्रश्नही ऐकायला हवेत. ‘डोस देऊ का?’ हा प्रश्न मागे पडून ‘डोस दिला, रक्त अजून गोठत नाही, आता काय?’ असा प्रश्न येऊ लागला, की समजावं, तिथला डॉक्टर पुढच्या इयत्तेत गेला.