हात म्हणजे खेळणं नव्हे!

दोस्तांनो, तुमच्या घरी कुत्र्याचं छोटं पिल्लू आलंय? मग तुमच्या हातांकडे बघायलाच नको! मनगटावर ओरखडे, बोटांना दात टोचल्याच्या खुणा आणि शाळेच्या मोज्यांना भोकं! पहिले आठ दिवस घरातले सगळे कौतुकानं हसतात. मग एक दिवस आजीच्या पायाला दात लागतात आणि फर्मान सुटतं, "बांधून ठेवा त्याला, नाहीतर देऊन टाका कुणाला तरी!"

पण पिल्लाचा यात खरंच काही दोष असतो का?

तुम्ही नवी वस्तू हातात घेऊन चाचपता ना? पिल्लाला हात नाहीत. त्याचं चाचपणं, ओढणं, खेळणं सगळं तोंडानंच. शिवाय त्याच्या दातांची गंमत ऐका. तुम्हाला दुधाचे दात वीस, त्याला अठ्ठावीस! आणि तेही सुईसारखे टोकदार. ते तीन-चार महिन्यांच्या सुमारास पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. तोवर हिरड्या सारख्या शिवशिवतात. मग समोर येईल ते चावायचं. चप्पल काय आणि तुमचं बोट काय!

किती जोरात चावायचं, हा धडा पिल्लू आपल्या भावंडांमध्ये शिकतं. एकानं जोरात चावा घेतला, की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. म्हणूनच पिल्लाला निदान आठ आठवडे आईपासून तोडू नये. आता ते तुमच्या घरी आलं, म्हणजे त्याची भावंडं तुम्हीच! अर्धवट राहिलेला धडा तुम्हीच पुरा करायचा.

कसा? दात लागले की हात हिसकू नका. हात पळाला, की पिल्लाला वाटतं पकडापकडी सुरू झाली! हात सैल सोडा. त्यानं तोंड उघडलं की हाताची घडी घाला, मान फिरवा आणि गप्प उभे राहा. ओरडू नका, हसूही नका. काही पिल्लं ओरडण्यानं आणखी चेकाळतात. तरीही ते पायाला झोंबलं, तर अर्धा मिनिट खोलीबाहेर जा. परत आल्यावर ते शांत असेल, तर शाबासकी द्या आणि खेळ पुन्हा सुरू करा. 'दात लागले की खेळ संपतो' एवढंच त्याला कळायला हवं.

चावायला त्याची हक्काची वस्तू हवीच. जुन्या टॉवेलला घट्ट गाठी मारा, ओला करून फ्रीजमध्ये गार करा आणि द्या. हिरड्यांना बरं वाटतं. मात्र ते चिंध्या गिळत नाही ना, यावर लक्ष ठेवा. जुनी चप्पल कधीच देऊ नका. जुनी कुठली आणि बाबांची नवी कुठली, हे त्याला काय ठाऊक!

आणि हो, नियम सगळ्यांना सारखा. तुम्ही हात आवरायचा आणि दादानं हातानंच मस्ती करायची, असं चालणार नाही. पिल्लू संध्याकाळी फारच पिसाळल्यासारखं करत असेल, तर बहुधा ते दमलेलं असतं. त्याला झोपू द्या. मारायचं मात्र अजिबात नाही. हाताला घाबरणारं पिल्लू मोठेपणी भीतीनं खरंच चावू शकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दात लागून रक्त आलं किंवा साधा ओरखडा उठला, तरी लपवू नका! पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात आणि चावरेपणाचे दिवसही नेमके तेव्हाचेच. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. लगेच आई-बाबांना सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. इंजेक्शनची भीती वाटते? पूर्वीसारखी पोटात चौदा इंजेक्शनं आता देत नाहीत, लस दंडावर देतात. रेबीज एकदा झाला की त्यावर खात्रीचा इलाज नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो.

आणि आई-बाबा, मुलानं ओरखडा दाखवला तर आधी त्याला रागावू नका बरं का! "पिल्लाला घालवून देतील" या भीतीनंच मुलं जखम लपवतात.

हा धडा एका दिवसात होत नाही, काही आठवडे लागतात. पण रोज न चुकता केलात, तर तेच पिल्लू एक दिवस तुमचा हात तोंडात धरेल, थबकेल आणि चाटून सोडून देईल. मग आजीसुद्धा त्याला खुशाल पायाशी झोपू देतील!